वाकेनचा चिखल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वाकेनला, म्हणजे जर्मनीतल्या हेवी मेटल संगीताच्या महोत्सवाला, निघालेला प्रत्येक नवखा आधी बँडची यादी पाठ करतो. कोण कधी वाजवणार, कुठल्या स्टेजवर, कोणाची वेळ कोणाशी आदळते. ते चुकीचं नाही, पण तिथे चार दिवस टिकायचं की दुसऱ्याच रात्री कंटाळून हॅम्बुर्गचं हॉटेल शोधायचं, हे बँड ठरवत नाहीत. ते तुमचे मोजे ठरवतात. त्यामुळे या लेखात संगीत कमी आणि चिखल जास्त आहे.

थोडी ओळख. वाकेन हे उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यातलं दोनेक हजार वस्तीचं गाव. थॉमस येन्सन आणि होल्गर ह्युब्नर या दोघांनी १९९० मध्ये तिथल्या खडीच्या जुन्या खाणीत पहिला महोत्सव भरवला, तेव्हा आठशेच्या आसपास लोक आले होते. आता दरवर्षी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे ८५ हजार लोक येतात आणि गावाभोवतीच्या शेतांत तंबू ठोकून राहतात. आपल्याकडच्या लोकांना हे नाव परकं नाही. मुंबईचा मेटल बँड डेमोनिक रेझरेक्शन २०१४ मध्ये तिथे वाजवून आला आणि २०१९ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवुड बँडने तिथलं मैदान हलवलं.

महोत्सवाचं ब्रीद आहे ‘रेन ऑर शाइन’, म्हणजे पाऊस असो वा ऊन. ते शब्दशः घ्या. पाऊस आला म्हणून कार्यक्रम रद्द होत नाही. शेतात हजारो बूट आणि गाड्यांची चाकं फिरली की गवत दिसेनासं होतं आणि उरतो तो राडा.

१. तिकीट

पुढच्या वर्षाची तिकिटं यंदाचा महोत्सव संपता संपता विक्रीला येतात आणि बऱ्याचदा काही तासांत संपतात. म्हणजे २०३० ला जायचं असेल, तर २०२९ च्या ऑगस्टमध्ये तयार राहायचं. २०२४ च्या तिकिटाची किंमत ३३३ युरो होती. त्यात तंबू ठोकायची जागा आलीच. गाडी घेऊन जाणार असाल, तर तिचे नियम त्या वर्षीचे नीट वाचा. ते बदलत राहतात.

इथला सापळा म्हणजे पुनर्विक्री. तिकीट हुकलं की माणूस हातघाईवर येतो आणि अनोळखी विक्रेत्याला दुप्पट पैसे पाठवून मोकळा होतो. आयोजकांच्या अधिकृत पुनर्विक्रीखेरीज कुठेही जाऊ नका. लोकांचे बेत बदलतात, महिना-दोन महिने आधी तिकिटं पुन्हा निघतात. धीर धरा.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

जर्मनीत राहणाऱ्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. भारतातून जाणाऱ्यांना अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण जास्त छाननी झाली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. उन्हाळ्यात सगळ्यांनाच युरोपला जायचं असतं, त्यामुळे खरी अडचण अर्जाची नसून भेटीची वेळ मिळण्याची असते. फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल करा.

फाइलमध्ये हे हवं:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन कोरी पानं असलेला
- भरलेला अर्ज आणि ठरलेल्या मापाचे फोटो
- किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा
- जाण्यायेण्याच्या विमानाचं आरक्षण
- महोत्सवाच्या तिकिटाची प्रत
- बँकेची विवरणपत्रं, प्राप्तिकर विवरणपत्र, नोकरी असल्यास रजेचं पत्र
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा

लोक अडखळतात ते शेवटच्या ओळीपाशी. शेतातल्या तंबूचं हॉटेल बुकिंग कुठून आणायचं? सोबतच्या पत्रात सरळ लिहा, की या तारखांना महोत्सवाच्या तळावर, २५५९६ वाकेन इथे मुक्काम आहे, तो तिकिटात धरलेला आहे, आणि आधीच्या व नंतरच्या रात्री हॅम्बुर्गच्या अमुक हॉटेलात. तारखांमध्ये एकाही रात्रीची फट ठेवू नका. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे.

‘हेवी मेटल महोत्सवाला जातोय’ असं लिहायला संकोच करू नका. वाकेन जर्मनांना चांगलं ठाऊक आहे. ‘पर्यटन’ असं मोघम लिहिण्यापेक्षा खरं कारण आणि खरं तिकीट जास्त वजनदार ठरतं.

एक आठवण ठेवून हॉटेल आणि विमान निवडा. २०२३ मध्ये सलग पावसाने तळाची अशी दैना झाली की आयोजकांनी आधी गाड्या थांबवल्या आणि मग बुधवारी, २ ऑगस्टला, प्रवेशच बंद केला. सुमारे ५० हजार लोक आत होते, बाकीचे तिकीट हातात घेऊन रस्त्यावर किंवा घरी. तिकिटाचे पैसे परत करण्यात आले, विमानाचे कोण देणार? म्हणून हॅम्बुर्गचं हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या आणि महोत्सव सुरू व्हायच्या किमान एक दिवस आधी वाकेनला पोहोचा. त्या वर्षी जे लवकर गेले, ते आत होते.

३. सामान: सुरुवात पायांपासून

गमबूट घ्या. ट्रेकिंगचे बूट कितीही ‘वॉटरप्रूफ’ असले तरी चिखल घोट्याच्या वर गेला की वरून आत येतो, आणि एकदा आत आला की तो बूट महोत्सव संपेपर्यंत वाळत नाही. गमबूट पोटरीच्या मध्यापर्यंत तरी हवेत, आणि जाड लोकरी मोजे घालूनच मापून घ्यायचे. निघण्याआधी घरी, जिन्यात, पावसात घालून फिरा. त्याची वरची कड उघड्या पोटरीला घासून साल काढते, म्हणून मोजे बुटापेक्षा उंच हवेत. हाफ पँट आणि आखूड मोजे घालून गमबुटात शिरणारे लोक तिसऱ्या दिवशी लंगडताना दिसतात.

मोजे: दिवसाला दोन जोड्या, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती मोजे ओले झाले की ओलेच राहतात. शिवाय एक जोडी फक्त झोपण्यासाठी. ती झिपवाल्या पिशवीत बंद करा आणि काहीही झालं तरी तंबूबाहेर नेऊ नका. या एका नियमावर मी अडून बसेन, बाकी सगळ्यात तडजोड चालेल. पाय तासन् तास थंड आणि ओले राहिले तर ‘ट्रेंच फूट’ होतो. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरून नाव पडलं असलं तरी त्याला बर्फ लागत नाही, १५-१६ अंश तापमानातही तो होऊ शकतो. पाय बधिर होणं, मुंग्या येणं, त्वचा पांढुरकी आणि सुरकुतलेली दिसणं ही लक्षणं. रोज रात्री पाय धुवा, नीट पुसा, कोरडे मोजे घाला आणि काही तास तसेच राहू द्या. बधिरपणा गेला नाही तर प्रथमोपचार केंद्र गाठा.

बाकीचं सामान पटकन सांगतो:

- पाठीवरची सॅक, आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. चाकांची बॅग आणू नका, चिखलात ती ओढायची नसते, उचलायची असते.
- गुडघ्यापर्यंतचा रेनकोट किंवा पाँचो. छत्री गर्दीत नेऊ देत नाहीत, आणि नेऊही नये.
- उबदार जाकीट. ऑगस्ट असला तरी पहाटे तापमान १०-१२ अंशांवर उतरतं.
- कपाळावर बांधायचा टॉर्च, डक्ट टेप, कचऱ्याच्या जाड पिशव्या (किती आणाल तितक्या कमी), ओले टिश्यू, टॉयलेट पेपर.
- कानातले प्लग, उन्हाचं क्रीम, टोपी. हो, ऊनही पडतं, आणि त्या अक्षांशावर ऑगस्टच्या सुरुवातीला ते रात्री नऊच्या पुढेपर्यंत रेंगाळतं.
- रोजची औषधं, त्यांचं प्रिस्क्रिप्शन, पासपोर्टची झेरॉक्स.

विमानाबद्दल: पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांपर्यंत (म्हणजे साधारण २७ हजार एमएएच). तंबूच्या खुंट्या आणि चाकू चेक-इनमध्ये. स्टोव्हचं गॅसचं नळकांडं कुठेच नाही, ते तिथेच विकत घ्यावं लागतं. आणि युरोपीय संघाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा डबा भरताना जरा बघा.

तंबू इथून न्यायचा की तिथे घ्यायचा? मी म्हणेन, हॅम्बुर्गमध्ये घ्या. पण अगदी स्वस्तातला नको. बाहेरच्या कापडाची पाणी थोपवण्याची क्षमता ३००० मिलिमीटर असलेला, आणि दाराशी छोटी पडवी असलेला. पडवी नसलेला तंबू चिखलात निरुपयोगी आहे, कारण बूट ठेवायला जागाच उरत नाही.

४. पोहोचणं

हॅम्बुर्गच्या मुख्य स्थानकावरून इट्झेहोला प्रादेशिक गाड्या जातात, साधारण तासाभराचा प्रवास. इट्झेहो स्थानकाबाहेरून महोत्सवाच्या बस थेट वाकेनला नेतात. नवख्याने असंच जावं. गाडी असली की सोय वाटते, पण पाऊस पडला की तीच गाडी शेतात रुतते आणि ट्रॅक्टरची वाट बघावी लागते.

बसमधून उतरल्यावर तळापर्यंत बरंच चालावं लागतं. गावातली मुलं हातगाड्यांवर सामान वाहून देतात. चार पैसे द्या आणि सामान त्यांच्यावर सोपवा. गावकऱ्यांशी गप्पा मारा, अंगणातून नाश्ता विकणाऱ्या आजी मेटलवाल्यांना अजिबात घाबरत नाहीत. महोत्सवात वाजवणाऱ्यांत गावच्या अग्निशमन दलाचा बँडही असतो, तो चुकवू नका. ब्रासबँडवर हजारो केसाळ लोक नाचताना दुसरीकडे कुठे दिसणार?

५. तंबू

उजेड असताना पोहोचा. जागा शोधताना खाली बघा, वर नाही. खोलगट भाग, चाकांची जुनी चाकोरी आणि संडासांकडे जाणारी वाट, या तिन्हींपासून लांब राहा. कितीही सपाट वाटलं तरी शेताला उतार असतो. बाटलीतलं थोडं पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. तिथे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा दार पूर्वेला.

खाली ताडपत्री घालणार असाल, तर ती तंबूच्या कडेच्या आत दुमडलेली हवी. बाहेर डोकावली की पावसाचं पाणी गोळा करून तीच तुमच्या पाठीखाली आणते. खुंट्या तिरक्या आणि पूर्ण ठोका. दोऱ्यांना चमकदार काहीतरी बांधा, रात्री अडीच वाजता सगळं जग त्या दोऱ्यांना अडखळत परत येत असतं.

मग आखायची हद्द. पडवी चिखलाची, आतला कप्पा कोरडा. बूट, रेनकोट, चिखललेली पँट यांनी ती रेघ ओलांडायची नाही. आत शिरताना आधी दारात बसायचं, पाय बाहेर ठेवून बूट काढायचे, मग पाय आत. दमलेला, थोडी चढलेली, पाऊस कोसळतोय, अशा अवस्थेतही हेच. सोबत दोघे-तिघे असतील तर पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांकडून कबूल करून घ्या, कारण एका माणसाच्या एका बुटाने तिघांच्या झोपेच्या पिशव्या जातात.

थंडी वाजली म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. चिखलात चालणं

हसू नका, याचंही तंत्र आहे. पातळ, पाण्यासारखा चिखल दिसायला भयंकर असतो, पण त्याखाली बहुधा घट्ट जमीन लागते. खरा वैरी म्हणजे पाऊस थांबल्यानंतर अर्धवट वाळलेला, मळलेल्या कणकेसारखा चिखल. तो बूट धरून ठेवतो. बुटाच्या तळाखाली हवा शिरत नाही म्हणून तो चिकटतो, तेव्हा पाय सरळ वर ओढू नका. आधी टाच उचला, पाऊल किंचित फिरवा, हवा आत जाऊ द्या, मग पुढचा भाग सोडवा. घाई केली तर पाय येतो आणि बूट तिथेच राहतो.

पावलं छोटी ठेवा, तळवा सपाट टाका. मोबाइल बघत चालू नका. आणि अंतराचा हिशेब बदला: कोरड्यात १५ मिनिटांची वाट चिखलात पाऊण तास घेते. एका टोकाच्या स्टेजवरून दुसऱ्या टोकाला धावत जाण्याचे बेत कागदावरच शोभतात. दिवसाला चार-पाच बँड नक्की करा, बाकीचे वाटेत जे कानावर पडतील ते.

यासाठी मुख्य मैदानाची रचना सोयीची आहे. ‘फास्टर’ आणि ‘हार्डर’ ही दोन मोठी स्टेजं शेजारी-शेजारी आहेत आणि एकावरचा बँड संपला की दुसऱ्यावरचा सुरू होतो. दोन्हींच्या मध्ये थोडं मागे, ध्वनिनियंत्रणाच्या मनोऱ्याजवळ जागा धरली, तर हलायचीच गरज नाही. आवाजही तिथेच सर्वांत स्वच्छ येतो, कारण ध्वनी सांभाळणारा माणूस तिथूनच ऐकत असतो.

मुख्य मैदानात मोठी पाठपिशवी नेऊ देत नाहीत. कमरेचा पाउच पुरतो.

७. पिटमध्ये

मॉश पिट, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडका देत नाचतात ती जागा, बाहेरून मारामारी वाटते. तिचा पहिला नियम: कोणी पडला की आजूबाजूचे थांबतात आणि त्याला उचलतात. चिखलात हा नियम दुप्पट कडक, कारण तिथे पडलेला माणूस स्वतःहून पटकन उठू शकत नाही. कोपर आणि मुठी वापरायच्या नाहीत. ज्याला नको आहे त्याला आत ओढायचं नाही. कोणाचा चष्मा किंवा बूट सापडला तर हात उंच करून धरा, मालक येतो.

पहिल्या दिवशी कडेला उभे राहून बघा. गोल फिरणारा ‘सर्कल पिट’ नवख्याला सोपा जातो. ‘वॉल ऑफ डेथ’मध्ये, म्हणजे गर्दी दोन भागांत फाकून एकमेकांवर धावते तेव्हा, पुढच्या फळीत उभं राहू नका. ओल्या जमिनीवर तर नकोच, कोणालाच थांबता येत नाही. श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर पुढे ढकलत जाऊ नका, तिरके सरकत कडेला निघा. कठड्याजवळ असाल तर सुरक्षारक्षकाला हात दाखवा, ते उचलून बाहेर काढतात.

कोणी त्रास देत असेल, एकटं आणि असुरक्षित वाटत असेल, तर जर्मनीतल्या अनेक महोत्सवांत एक सांकेतिक प्रश्न चालतो: ‘पनामाला कुठून जायचं?’ कर्मचाऱ्याला इतकंच विचारायचं. तो उलटतपासणी न करता तुम्हाला शांत जागी नेतो.

८. कान

जर्मन मानकानुसार प्रेक्षकांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलवर जाऊ नये. ऐकायला सुरक्षित वाटतं, पण १०० डेसिबलला उघड्या कानांनी सुमारे १५ मिनिटं एवढीच मर्यादा तज्ज्ञ सांगतात, आणि तुम्ही तिथे दिवसाला दहा तास असणार. संगीतासाठीचे गाळणी असलेले प्लग घ्या, त्याने सूर मंदावतो पण बिघडत नाही. फोमचे घेतलेत तर बोटांत वळून, कानाचा वरचा भाग वर ओढून खोल बसवा. चिखलाच्या हातांनी कानात बोट घालायचं नाही, म्हणून तंबूतून निघतानाच घाला.

९. पैसे, खाणं, संडास

मैदानातले व्यवहार रोखीने होत नाहीत. मनगटावरच्या पट्टीतल्या चिपवर पैसे भरायचे. उरलेले परत मागायची मुदत असते, ती पाहून ठेवा. गावात मात्र थोडी रोकड लागते. पेल्यावर अनामत घेतात, पेला परत केला की मिळते.

बिअर अखंड वाहते, २०१७ मध्ये त्यासाठी जमिनीखालून पाइपलाइन टाकली. पाणीही तितकंच प्या. शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत: चीज-मशरूम भरलेला गरम पाव, ‘हांडब्रोट’, पोटभरीचा आहे. तळावर काचेच्या बाटल्या चालत नाहीत.

अंघोळीची आणि संडासाची रांग टाळायची असेल तर मोठा बँड चालू असताना जा. ज्याच्यासाठी आलात तो नव्हे, अर्थात.

१०. वादळ आलं तर

महोत्सवाचं अॅप फोनवर ठेवा आणि सूचना बंद करू नका. विजांचा इशारा आला की मैदान रिकामं करायला सांगतात. तंबू विजेपासून वाचवत नाही. बंद पत्र्याची गाडी किंवा बस वाचवते. शेजाऱ्यांकडे गाडी असेल तर पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या, मेटलवाले दार उघडतात. जर्मनीत तातडीचा क्रमांक ११२.

११. निघताना

शेवटच्या रात्रीनंतर सकाळी सगळे एकदम निघतात. बससाठी दोन-तीन तास धरा आणि त्याच दिवशीचं परतीचं विमान घेऊ नका. हॅम्बुर्गमध्ये एक रात्र काढा.

मोडका तंबू तसाच टाकून जाण्याची काहींची पद्धत आहे, ती उचलू नका. ते शेत कोणाचं तरी आहे. गमबूट पाण्याखाली धरून तळाच्या खाचांतली माती काठीने काढा, मग वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून पिशवीत बांधा. ओला तंबू गुंडाळून बॅगेत भरावा लागला, तर हॉटेलच्या न्हाणीघरात त्याच रात्री पसरा. तसाच घरी पोहोचला तर कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते कशानेही जात नाहीत.